हाकेला ओ

१

करुणाचा भुताखेतांवर, नजर लागण्यावर, उतरून टाकण्यावर काडीचा विश्वास नव्हता. दौंड स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसून तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितलेली बाई ती. जिवंत माणसंच इतका ताप देतात की मेलेल्यांकडे बघायला सवड कुणाला, असं ती म्हणायची. नवरा नागसेन मालगाडीवर गार्ड. रेल्वे कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बुद्धमूर्तीपुढं रोज संध्याकाळी मेणबत्ती लागायची, त्यापलीकडं घरात कसलं थोतांड नव्हतं. दाराला लिंबू-मिरची तर नाहीच नाही.

पण एक सवय होती, आणि सवय काही विश्वासाला विचारून लागत नाही. लेकीला कुठंही घेऊन गेलं आणि तिथनं निघायची वेळ झाली, की करुणा तिला नाव घेऊन हाक मारायची. "प्राची, चल गं, घरी चल." मग पोरगी कडेवर असो, बोटाला धरलेली असो, नाहीतर पुढ्यात उभी राहून नाक खाजवत असो. पोरीनं "ओ" म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा.

ही करुणाच्या आईची, रंभाबाईची शिकवण. रंभाबाई घोड नदीच्या काठी इनामगावात एकटी राहायची. तिचं म्हणणं साधं होतं. लेकरू जिथं हसतं, खातं, झोपतं, तिथं त्याचं मन रेंगाळतं. आई त्याला उचलून नेते, पण मन तिथंच बसून राहतं. म्हणून निघताना नाव घेऊन बोलवायचं. लग्नाच्या मांडवातून, दवाखान्यातून, बाभळीच्या सावलीतून, कुठूनही.

नागसेनला याची भारी गंमत वाटायची. "आमची गाडीसुद्धा गार्डानं झेंडी दाखवल्याशिवाय हलत नाही," तो म्हणायचा. "तुझ्या आईला रेल्वेत घ्यायला पाहिजे होतं."

प्राची सहा वर्षांची. वरचा समोरचा दात नुकताच पडला होता, आणि त्या खिंडीतून जिभेचं टोक बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणं हा तिचा आवडता धंदा. दुसरा धंदा चित्रं काढण्याचा. भिंत, फरशी, बापाच्या ड्युटीचे कागद, काहीही सोडायची नाही. शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं तेव्हा करुणानं तिला कबूल करून टाकलं, "तुला मुंबईच्या मोठ्या कलासंग्रहालयात नेते. खरी चित्रं बघू. भिंतीएवढी."

२

नागसेनला त्या दिवशी मनमाडकडं ड्युटी होती, म्हणून मायलेकी दोघीच पास काढून निघाल्या. गाडीत बसल्या-बसल्या रंभाबाईचा फोन. "निघताना पोरीला हाक मारायला इसरू नगंस. मोठं ठिकाण हाय ते."

"आई, तिथं शिकलेली माणसं असतात. हसतील मला."

"हसू देत की. दात दिसत्याल त्यांचं, दुसरं काय."

संग्रहालय खरंच मोठं होतं. उंच छत, गार फरशी, आणि एका दालनातून दुसऱ्यात जाताना आपल्याच चपलांचा आवाज मागून कुणी येतंय असा यायचा. कुणी बोलत नव्हतं. बोललंच तर इंग्रजीतून आणि तेही कुजबुजत. प्राचीला मात्र कसलंच दडपण नव्हतं. नदी ओलांडणाऱ्या गुरांच्या एका प्रचंड तैलचित्रापुढं ती मांडी घालून बसली आणि उठेचना. "आई, पाणी ओलं आहे बघ," म्हणाली. करुणाला एवढं बरं वाटलं, की आणलेल्याचं सार्थक झालं म्हणून तिनं डोळे टिपले.

शेवटचं दालन मातीच्या भांड्यांचं. तिथं उजेड कमी होता आणि गर्दी तर नव्हतीच. मधोमध काचेच्या पेटीत वाळूवर दोन मडकी आडवी ठेवली होती, तोंडाला तोंड लावून. पाटीवर मराठीतही लिहिलं होतं. घोड नदीचं खोरं, पुणे जिल्हा. लहान मुलाचं दफन. अंदाजे तीन हजार वर्षांपूर्वी.

"आजीची नदी!" प्राची ओरडली. दारातला रखवालदार स्टुलावरून अर्धवट उठला आणि परत बसला.

"हळू बोल गं."

"आत कोण झोपलंय?"

"कुणी नाही. रिकामी आहेत ती आता."

प्राचीनं काचेला नाक लावलं. मग तोंड लावलं, आणि दाताच्या खिंडीतून हा, हा करत काचेवर वाफ सोडली. आपल्याच वाफेत बोटानं काहीतरी रेघोट्या मारून खुदखुदली. करुणानं तिला ओढून बाकावर बसवलं, ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं. पहाटे उठलेली पोर. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दोन मिनिटांत अंगठा तोंडात घालून झोपून गेली. करुणाचेही डोळे जड झाले. त्या दालनात एक बारीक घरघर होती, गारवा करणाऱ्या यंत्राची असावी. ती कधी थांबायची, आणि थांबली की जास्त ऐकू यायची.

रखवालदारानं येऊन बंद व्हायची वेळ झाल्याचं सांगितलं तेव्हा करुणा दचकून उठली. दालनात दोन कॉलेजच्या मुली आणि एक चष्मेवाल्या बाई आल्या होत्या, अगदी शेजारच्या कपाटाशी. करुणानं प्राचीला खांद्यावर घेतलं. आता हाक मारायची होती. बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. करुणाला लाज वाटली, आणि घशाशी आलेलं नाव तिथंच राहिलं. काचेच्या पेटीकडं तोंड करून, ओठातल्या ओठात, ती एवढंच पुटपुटली, "चल गं बाळा. घरी चल."

"ओ."

ठरल्याप्रमाणे ओ आला. करुणा निघाली. जिन्याजवळ आल्यावर तिचं लक्ष लेकीच्या तोंडाकडं गेलं. प्राची गाढ झोपेत होती, आणि अंगठा मुळापर्यंत तोंडात होता.

"जिन्यात दोघींना सांभाळा ताई," रखवालदार मागून म्हणाला. "पायऱ्या गुळगुळीत आहेत."

दोघी म्हणजे मी आणि प्राची, करुणानं मनाशी म्हटलं. आपण आणि आपलं लेकरू. दुसरं काय म्हणणार तो?

३

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. खिडकीसाठी प्राचीनं आजवर शेजारणीच्या पोरांची, मामेभावंडांची, एकदा तर एका अनोळखी म्हाताऱ्याचीही कॉलर धरली होती. आज ती बाकाच्या कडेला अंग चोरून बसली. तिच्यात आणि खिडकीत वीतभर जागा मोकळी राहिली.

"खिडकीला सरक की."

"नको."

"का गं?"

प्राची खालमानेनं आपले पाय बघत होती. चपला काढल्या होत्या आणि उघड्या पायाची बोटं हलवत होती, एकेक करून, आपलीच आहेत का याची खात्री केल्यासारखी. करुणानं तिला भेळेचा कागद दिला. प्राचीनं त्यातला चुरमुरा उचलून नाकाशी नेला, हुंगला, आणि परत ठेवला.

दमलीय, करुणानं ठरवलं. एवढी चित्रं बघून मोठ्या माणसाचं डोकं चढतं, ही तर पोर.

दौंडला उतरताना तिनं रंभाबाईला फोन केला. "पोचलो गं."

"हाक मारली व्हतीस न्हवं?"

"मारली, मारली. ओ पण दिला."

रंभाबाईला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर करुणाला मात्र बरं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

४

पुढचे काही आठवडे म्हटलं तर सगळं नीट होतं.

प्राची पलंगावर झोपेना. रोज फरशीवर उतरायची, एका कुशीवर वळून गुडघे हनुवटीला लावायची. उकाडा आहे, नागसेन म्हणाला. शेजारच्या सविता वहिनींची मुलंही फरशीवरच झोपतात. प्राची हसताना तोंड उघडेना. दात पडलाय, पोरं चिडवत असतील. प्राची "हाय", "न्हाई", "कवा" असं बोलायला लागली. आजीचं वळण आहे, जाईल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. एकटी करुणाच होती जिला ती सगळी कारणं एका माळेत ओवली की गळ्याशी आवळल्यासारखी वाटायची.

खडूंना प्राचीनं हात लावला नाही. करुणानं मुद्दाम नवी पेटी आणून पुढ्यात ठेवली. प्राचीनं लाल खडू मुठीत धरला, कुदळीचा दांडा धरावा तसा. हुंगला. जिभेला लावला. मग तो बाजूला ठेवून ती मागच्या दाराशी गेली, मोगऱ्याच्या कुंडीतली ढेकळं फोडून खाऊ लागली.

डॉक्टरनी हसत-हसत सांगितलं, की माती खाणारी मुलं त्यांच्याकडे रोजच येतात. जंताचं औषध दिलं, कॅल्शियमचं सिरप दिलं. करुणाच्या छातीवरचा धोंडा उतरला. कारण सापडलं होतं, बाटलीत भरून मिळालं होतं. परत येताना तिनं प्राचीला कलिंगड घेतलं आणि वाटेत गाणीसुद्धा गुणगुणली.

त्याच दुपारी नागसेन ड्युटीवर होता. कॉलनी उन्हात पडून होती, लांब यार्डात डबे एकमेकांवर आपटत होते. प्राची पुन्हा कुंडीपाशी. करुणानं तिला धरून न्हाणीत आणलं, गाल दाबून तोंड उघडलं आणि आतली माती बोटानं काढायला लागली.

बोट थांबलं.

खिंड नव्हती. वरच्या ओळीत सगळे दात होते. नवा दात आला असेल, करुणानं स्वतःला समजावलं. पण नवा दात मोठा असतो, पांढरा असतो, त्याला करवतीसारख्या कडा असतात. हा बारीक होता. त्याच्या शेजारचेही बारीक होते, तपकिरी, आणि टोकाला सपाट झिजलेले, वर्षानुवर्षं जात्याचं खरखरीत पीठ खाऊन झिजावेत तसे.

प्राची शांतपणे तोंड उघडं ठेवून तिच्याकडं बघत होती. चावली नाही, रडली नाही. करुणानंच हात मागं घेतला आणि साबणानं कोपरापर्यंत धुतला. आपल्याच लेकीच्या तोंडात घातलेला हात आपण धुतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडली.

५

नागसेन घरी आला की घर दणाणायचं. गार्डाच्या डब्यात एकट्यानं दिवस काढणारा माणूस, घरात त्याला बडबड लागायची. दाढी करता करता त्यानं आतून हाक मारली, "प्राची, टॉवेल दे गं!"

प्राची दारात पाठमोरी बसली होती. हलली नाही.

"प्राची! ए चित्रकार!"

काही नाही. करुणा स्वयंपाकघरातून बघत होती. तिनं अगदी हलक्या आवाजात, भाकरी थापता थापता बोलावं तसं, म्हटलं, "बाळा."

"ओ," पोरगी लगेच वळली.

"बापाचं ऐकू येत नाही, आईचं येतं," नागसेन तोंडाला फेस लावूनच हसला आणि टॉवेल घ्यायला स्वतः गेला.

करुणा पोरीजवळ जाऊन बसली. "बाबा हाक मारतात, ओ का देत नाहीस?"

"मला कुठं मारली?"

"मग कुणाला? तूच ना प्राची?"

पोरीनं जराशी हसल्यासारखं केलं, तोंड मिटूनच. "न्हाई. ती तिकडं हाय."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"गार हाय तिथं. दिवं बंद करत्यात." मग बराच वेळ ती अंगणातल्या मुंग्या बघत राहिली. "माझं नाव कवा ठेवायचं, आये?"

असल्या वेळी माणूस देवाला तरी हाक मारतो. करुणाला तीही सोय नव्हती. तिच्यापाशी होता तो विचार, नीट सरळ विचार, आणि त्या विचारानं तिला सांगितलं की मूल घाबरलंय, बावरलंय, स्वतःला दुसरं कुणीतरी समजतंय, तेव्हा त्याला त्याचं नाव परत दे. घट्ट दे.

"तुझं नाव ठेवलेलंच आहे," ती म्हणाली. "प्राची. म्हण बघू."

"पराची."

"प्राची."

त्या दिवशी तिनं दुसरं कामच केलं नाही. पोरीला समोर बसवलं. तुझं नाव काय? प्राची. प्राची कोण? मी. मी हाक मारली की काय म्हणायचं? ओ. पोरगी शिकायला हुशार होती. जेवणापर्यंत उच्चार सुधारला. दुसऱ्या दिवशी नागसेननं गच्चीवरून हाक मारली आणि खणखणीत "ओ" आला, तेव्हा करुणानं सुटकेचा श्वास सोडला. गूळ-शेंगदाणे दिले तिला बक्षीस म्हणून.

ते खाताना पोरगी पहिल्यांदा तोंड उघडून हसली. करुणानं मान फिरवली.

६

दात काही मान फिरवून जाईनात. शेवटी करुणानं रजा टाकली, पोरीला घेतलं आणि शिरूरकडची एसटी धरली. फाट्यावरून टमटम, मग थोडं चालायचं. दोन्हीकडं उभा ऊस, मधून नदीचा वास.

पोरगी तिचं बोट सोडून पुढं झाली. आजीच्या घराची वाट डावीकडं होती, ती सरळ गेली, नदीच्या अंगाच्या पांढरीच्या, जुन्या वस्तीच्या उंचवट्याकडं. ताठ मानेनं, घाई न करता, दिवसभर शेतात राबून घरी निघालेल्या बाईसारखी. एका जागी थांबली. खाली बसून तळहातानं जमीन थोपटली.

"हितं चूल व्हती," म्हणाली.

करुणानं तिला खेचतच घरी आणलं. रंभाबाई दारात उभी होती. नातीला बघून धावणारी म्हातारी ती. आज उंबऱ्यातून बाहेर आली नाही. डोळ्यांवर हात धरून तिनं पोरीकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"करुणा, तिथनं निघताना हाक कशी मारलीस?"

"मारली होती, आई."

"कशी, ते इचारतीया मी. नाव घेतलंस का?"

करुणाला तो चष्मा आठवला, तो उजेड, घशातच राहिलेलं नाव. "लोक होते गं. लाज वाटली. नुसतं बाळा म्हणाले."

रंभाबाई उंबऱ्यावर बसली. "मंग जिनं आयकलं ती आली बाई."

"आई, हे खरं नसतं. तुला माहितीये आपल्यात असलं मानत नाहीत."

"म्या कुठं मानती म्हणाले? म्या काय पूजा घालाय सांगतीया का? कुणी लेकरू हाकंची वाट बघत बसलं आसंल, आन् हाक आली. आलं बिचारं. त्यात त्याचा काय गुन्हा?"

"आणि प्राची?" करुणाचा आवाज फुटला.

"तिला कुणी बोलवलंच न्हाई. ती बसली आसंल तितं. आई हाक मारंल म्हणून."

पोरगी अंगणात बसून दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. भूक लागली म्हणाली. रंभाबाईनं डोळे पुसले, ताटलीत भाकरी कुस्करली, वर दूध घातलं आणि पुढ्यात ठेवली. मांडीवर घेतलं नाही, पण जेवेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली. "ही बी कुणाची तरी लेकच हाय," हळूच म्हणाली. "पर आपली न्हाई. जा बाई तू. ऱ्हाऊ नगंस. तिला संगं ने, तितं हुबी ऱ्हा आन् नाव घिऊन बोलीव. लाजू नगंस आता. फकस्त एक ध्यानात ठिव. ते नाव हिला शिकवू नगंस. त्येवढं मोकळं ऱ्हाऊ दे."

करुणाच्या कानात अख्ख्या दिवसाचं घोकणं वाजत होतं.

"शिकवलं तर न्हाईस?" रंभाबाईनं विचारलं.

"नाही," करुणा म्हणाली.

७

नागसेनला तिनं एवढंच सांगितलं, की पोरगी चित्रं काढत नाही, पुन्हा एकदा दाखवून आणते. "ने की," तो म्हणाला. "माझ्या गाडीचं चित्र अर्धंच राहिलंय तिचं. गार्डाचा डबाच काढला नाही, म्हणाली होती."

हे ऐकून करुणा मोरीत गेली आणि नळ पूर्ण सोडून उभी राहिली.

संग्रहालयाच्या पायऱ्यांशी पोरीनं पाय रोवले. "आये, तिथं नगं."

"लगेच येऊ."

"म्या गुणानं ऱ्हाईन. माती न्हाई खायची." तिनं दोन्ही हातांनी करुणाची ओढणी धरली. हात गार होते. करुणाला तिची दया आली, आणि त्या दयेचीच जास्त भीती वाटली. तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. वजन प्राचीएवढंच होतं.

दालनामागून दालन. गुरांचं चित्र मागं पडलं. मातीच्या दालनात तोच अंधूक उजेड, तीच घरघर. पेटीपुढं तोच रखवालदार वाकून फडक्यानं काच पुसत होता. करुणाला बघून सरळ झाला. ओळखीचं हसला.

"काय करायचं सांगा ताई. महिनाभर पुसतोय, निघेना. मग लक्षात आलं, बाहेरून नाहीच हे. आतनं आहे. साहेबांना सांगितलंय, पेटी उघडणारा माणूस यायचाय."

करुणानं पोरीला खाली ठेवलं आणि काचेपुढं गुडघ्यावर बसली. सहा वर्षांच्या पोरीच्या उंचीवर, काचेच्या आतल्या अंगाला, नाकाचा एक गोल ठसा होता. त्याखाली ओठांचा. ओठांमध्ये दातांची पुसट ओळ उमटली होती, आणि त्या ओळीत बरोबर मधोमध एका दाताची जागा रिकामी होती.

तिनं काचेवर तळहात टेकला. आतून वाफ धरली. एवढीशी, रुपयाएवढी. धरली आणि विरली. पुन्हा धरली.

आता कसली लाज आणि कुठली माणसं. करुणा उभी राहिली, आणि इनामगावच्या शिवारात ऐलतीरावरून पैलतीराला घालतात तशी, बेंबीच्या देठापासून तिनं हाक घातली, "प्राची! चल गं, घरी चल!"

सगळं दालन घुमलं. शेजारच्या दालनातली माणसं दारात गोळा झाली.

"ओ," तिच्या शेजारून आवाज आला.

ताबडतोब, खणखणीत, शिकवला होता तसाच. पोरगी तिच्याकडं मान वर करून बघत होती. चुकलं तर नाही ना, अशा नजरेनं.

"तू नाही," करुणा म्हणाली. "तू गप्प राहा. पाया पडते तुझ्या, थोडा वेळ गप्प राहा. प्राची! प्राची, चल घरी!"

"ओ! हितं हाय की म्या, आये."

काचेवर वाफ धरली. मघापेक्षा लहान. करुणाला दुसरं नाव आठवेना. आपल्या लेकीला ती जन्मापासून दोनच नावांनी बोलवत आली होती. बाळा म्हणून बोलावलं तेव्हा एकजण आली होती, आणि प्राची हे नाव तिनं स्वतः, आपल्या हातानं, गूळ-शेंगदाणे चारून तिलाच देऊन टाकलं होतं. तरी ती हाका मारत राहिली. आवाज बसला, चिरकला, तरी मारत राहिली. दर हाकेला शेजारून ओ येत राहिला, समजुतीनं, न कंटाळता. पोरीनं हळूच तिचं बोट धरलं. काचेवर आता काही उमटत नव्हतं.

रखवालदारानं तिच्या खांद्याला हात लावला. सज्जन माणूस, आवाज चढवला नाही.

"ताई, चला आता. बंद करायचंय. आणि किती हाका मारताय? कवाची ओ देतेय की पोरगी."